उजनीची क्षमता आणि वाढीचा दर

अर्थव्यवस्था दरवर्षी सात-आठ टक्क्यांनी वाढलीच पाहिजे, ही अपेक्षा आपल्याकडे इतकी सर्वमान्य झाली आहे की या वाढीला कुठे अंत आहे का, असे विचारणारा माणूसच विकासविरोधी ठरतो. तरीही हा प्रश्न विचारलाच पाहिजे असे मला मनापासून वाटते. सोलापुरात राहणाऱ्याला तो विचारणे तसे सोपे आहे, कारण निसर्गाची मर्यादा आपल्याकडे वर्तमानपत्रात आकड्याच्या रूपाने छापून येते. उजनी धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी वापरायचे नसलेले तळाचे पाणी, आणि ५३ टीएमसीच्या आसपास उपयुक्त साठा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेले, म्हणजे उपयुक्त पाणी तर संपलेच, पण मृतसाठ्यातलेही जवळजवळ निम्मे पाणी गेले होते.

आता वाढीचे गणित पाहू. सात टक्के दराने वाढणारी कोणतीही गोष्ट साधारण दहा वर्षांत दुप्पट होते आणि हाच दर शंभर वर्षे टिकला तर ती ८६० पटींहून अधिक होते. पैशाच्या हिशेबात असा आकडा कागदावर लिहिता येतो. पाणी, माती, कोळसा किंवा वाळू यांच्या बाबतीत मात्र तो लिहिण्यालाही अर्थ उरत नाही.

यावर जाणकारांचे उत्तर असे असते की पुढची वाढ वस्तूंची नसून मूल्याची असेल, तंत्रज्ञान सुधारेल आणि तेवढ्याच साधनांत अधिक उत्पन्न मिळेल. हे उत्तर पोकळ नाही. एका रुपयाच्या उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा अनेक देशांत खरोखरच कमी झाली आहे. पण जगभरात दरवर्षी जमिनीतून काढले जाणारे खनिज, इंधन आणि कापणी केलेला जैविक माल मिळून १९७० मध्ये सुमारे ३० अब्ज टन होता, तो आज १०० अब्ज टनांच्या वर गेला आहे. या काळात लोकसंख्या दुपटीपेक्षा थोडीच अधिक वाढली, माल मात्र तिपटीहून अधिक लागू लागला. काटकसर झाली, तरी एकूण वापर घटला नाही.

याचे कारण विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते. वाफेची इंजिने कमी कोळशात अधिक काम करू लागल्यावर कोळशाचा खप कमी झाला नाही, उलट वाढला, कारण स्वस्त झालेली शक्ती अधिकाधिक ठिकाणी वापरली जाऊ लागली. आपल्या जिल्ह्यात ठिबकची गोष्ट याहून वेगळी नाही. पाटाने पाणी देण्याऐवजी ठिबक केले की एकरी पाणी निश्चितच वाचते, आणि ज्यांनी ते केले त्या शेतकऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. परंतु वाचलेले पाणी धरणात परत जात नाही. त्यावर आणखी दोन एकर ऊस उभा राहतो. वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात तिसाहून अधिक साखर कारखाने आहेत. कारखान्याने कर्ज काढून गाळपक्षमता वाढवली की त्या कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी अधिक ऊस लागतो, आणि अधिक ऊस मिळाला की क्षमता पुन्हा वाढवावीशी वाटते. यात कोणी दुष्ट नाही. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा आहे. बेरीज मात्र धरणाला न पेलणारी आहे, आणि तिचा भार टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यावर आणि चार-पाच दिवसांआड नळाची वाट पाहणाऱ्या शहरावर येऊन पडतो.

वाढ थांबवा, असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार आणि शहराच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका यांना अधिक उत्पन्न, बरे घर आणि चांगला दवाखाना मिळालाच पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे पाणी, सिमेंट व वीज ही गरज आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचे मोजमाप ज्यांनी घडवले त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये बजावले होते की या मोजमापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज क्वचितच बांधता येईल. उसाचे क्षेत्र वाढले की जिल्ह्याचे उत्पन्न वाढलेले दिसते. खाली गेलेली भूजलपातळी त्या हिशेबात वजा होत नाही.

म्हणून मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी वाढीचे उद्दिष्ट ठरवायचे आणि मग साधने शोधत फिरायचे, हा आजचा क्रम उलटा केला पाहिजे. किती पाणी, किती भूजल, किती कोळसा वापरायचा याची कमाल मर्यादा आधी ठरावी, त्यात पिण्याच्या पाण्याचा आणि लहान शेतकऱ्याचा वाटा पहिला निघावा, आणि उरलेल्यात उद्योगाने व शेतीने हवी तेवढी कल्पकता दाखवावी. तंत्रज्ञानाने वाचवलेले पाणी अशा मर्यादेखालीच खरोखर शिल्लक राहते. राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पाण्याचे हक्क ठरवून देण्याची वाट तरी दाखवली आहे. नव्या कारखान्याला किंवा वाढीव गाळपाला परवानगी देताना रोजगार किती निर्माण होईल हे जसे विचारले जाते, तसे पाणी कोणाच्या वाट्यातून येणार हेही विचारले जावे, आणि त्याचे उत्तर टीएमसीत, लेखी आणि जाहीरपणे दिले जावे.