बिस्किटाचा वाटा

आमच्याकडे डब्यातलं शेवटचं बिस्कीट कुणीच खात नाही. 'तू घे', 'नको, तूच घे' असं होता होता ते सादळतं आणि मग कावळ्याच्या वाट्याला जातं. आपला हा भिडस्तपणा पोट भरलेल्या माणसांचा आहे, हे मला दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांबद्दल वाचताना कळलं.

१९०२ साली स्कॉट, विल्सन आणि शॅकल्टन असे तिघं बर्फावरून दक्षिणेकडे निघाले होते. कुत्री थकत चाललेली, शिधा आटत चाललेला. अशा वेळी तंबूत एक पद्धत पडली. एकानं जेवणाचे तीन वाटे करायचे, दुसऱ्यानं पाठ फिरवायची. मग एकेका वाट्याकडे बोट दाखवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं आणि तो वाटा त्याचा. इंग्लंडच्या आरमारातला अधिकारी, एक डॉक्टर आणि व्यापारी जहाजांवर मुरलेला खलाशी, तिघंही शहाणेसुरते. पण आपल्या वाट्यात चार कण कमी पडले असं मनात येऊ नये म्हणून भावंडांनी आंबा वाटून घ्यावा तसा हा खेळ रोज चालायचा. मला तर ही तोड फार आवडली. एकमेकांवर विश्वास आहे, पण भुकेवर नाही, हे तिघांनीही न बोलता मान्य केलं होतं.

खायला असायचं तरी काय? पेमिकन, म्हणजे वाळवून कुटलेलं मांस आणि त्यात भरपूर चरबी. बर्फ वितळवून पाणी उकळायचं, त्यात पेमिकन टाकायचं, वर बिस्कीट कुस्करायचं. या रबरबीत प्रकाराला ते 'हूश' म्हणत. शिवाय थोडं लोणी, साखर, कोको, चहा.

यातलं काय किती हवं, याचा प्रयोगही झाला, आणि तो कुठे, तर भर ध्रुवीय हिवाळ्यातल्या अंधारात. १९११ साली स्कॉटच्या पुढच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेले. थंडी उणे ६० अंशांपर्यंत. शिधा तीनच जिनसांचा : पेमिकन, बिस्किटं, लोणी. एकानं लोणी जास्त खायचं, दुसऱ्यानं पेमिकन, तिसऱ्यानं बिस्किटं. विल्सनला त्याच्या वाटचं लोणी संपेना. बिस्किटं वाट्याला आलेला चेरी-गॅरार्ड मात्र चरबीसाठी कासावीस झाला. शेवटी दोघांनी लोणी आणि बिस्किटांची अदलाबदल केली. ध्रुवाकडे जाताना माणशी दिवसाला साधारण साडेचारशे ग्रॅम बिस्किटं आणि ३४० ग्रॅम पेमिकन हे माप ठरलं, त्यामागे ही अदलाबदल आहे. ते माप पुरेसं नव्हतं. स्वतःच्या खांद्यावर पट्टे घालून घसरगाडी ओढणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त अन्न लागतं. पण जास्त अन्न घ्यावं तर गाडी जड होते, आणि गाडी जड झाली की भूक वाढते. हे गणित स्कॉटला सुटलं नाही. त्याच्याआधी ध्रुवावर पोचलेल्या नॉर्वेच्या अमुंडसेनला ते सुटलं, कारण त्याच्या गाड्या कुत्री ओढत होती आणि वाटेतल्या साठ्यांत अन्न मुबलक होतं. म्हणूनच असेल, त्याच्या गोष्टीत बिस्किटाला फारसा भाव नाही.

भाव आहे तो शॅकल्टनच्या गोष्टीत. ९ जानेवारी १९०९ ला ध्रुव जेमतेम १८० किलोमीटरवर असताना त्यानं माघार घेतली. पुढे गेलो तर परत येत नाही, एवढा हिशेब त्याला कळत होता. परतीच्या वाटेवर तो आणि त्याचे तीन सोबती, चौघंही अर्धपोटी. स्वप्नात जेवणं यायची आणि जागेपणी मेनू रचले जायचे. त्यांच्यातल्या फ्रँक वाइल्डनं तर मांसाचा खिमा, त्यावर बेकनचे काप, त्यावर पिठाचं जाड आवरण आणि हे सगळं चरबीत तळलेलं, असा पदार्थ योजला होता आणि तो त्याच्याच नावानं ओळखला जायचा. पुढे घोड्याचं मांस बाधून वाइल्डचं पोट पार बिघडलं. मांस बघवेना, बिस्कीट तेवढं चालायचं. ३१ जानेवारीला शॅकल्टननं न्याहारीचं आपलं एकुलतं एक बिस्कीट गुपचूप, बळेबळेच त्याला खायला लावलं. रात्री आणखी एक द्यायला निघाला होता, ते वाइल्डनं घेतलं नाही. हजारो पौंड मोजूनही असं बिस्कीट मिळालं नसतं, असं त्यानं डायरीत लिहून ठेवलं.

पुढे १९१६ मध्ये शॅकल्टनच्याच नंतरच्या मोहिमेतली बावीस माणसं अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर अडकली तेव्हा त्यांचा म्होरक्या हाच वाइल्ड होता. शॅकल्टन मदत आणायला होडीतून गेलेला. चार महिन्यांहून जास्त काळ वाइल्ड माणसांना सांगत राहिला : सामान बांधा, साहेब आजच येतील. ते आले, सगळे वाचले. इतकी निष्ठा एका बिस्किटावर उभी राहते का? एकट्या बिस्किटावर नसेलही. पण मला विचाराल तर पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा त्यांच्या ताटात काय उरलंय, हे बघणं जास्त खात्रीचं.

शॅकल्टनच्या १९०९ मधल्या त्या मोहिमेतलं एक बिस्कीट २०११ साली लंडनमध्ये लिलावात निघालं. १,२५० पौंडांना गेलं. घेणारा उपाशी नव्हता, हे उघडच आहे.