पाकीट बघतंय कोण?

"काका, ते रिकामं पाकीट टाकू नका, मला द्या."

आज संध्याकाळी टपरीवर चहा घेत होतो. बोलणारा पंचविशीतला पोरगा, बोटांत नुकतीच पेटवलेली सिगरेट.

"खोकं कशाला रे?"

"त्याच्यावर तो नंबर असतो ना. सोडायचा."

काकांनी पाकीट दिलंच नाही. पातेल्यातला चहा ढवळत, वर न बघता म्हणाले, "लिहून घे. १८००-११-२३५६." फाडफाड! वर, "मी आयुष्यात सुपारीपण नाही खाल्ली. पण दिवसभर हेच समोर. पाठ झालाय."

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याचा, २०१८ पासून तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा हा नंबरही त्यावर छापलेला. फोन फुकट, पलीकडे समुपदेशक, मुंबईचं केंद्र तर आपल्या टाटा मेमोरियलमधलं. सगळी सोय आहे. पण हा पोरगा पहिल्यापासून सुटी सिगरेट घेतो. एक चहा, एक सिगरेट. पाकीट कधी हातातच आलं नाही त्याच्या. (सुट्या विक्रीवर राज्यात २०२० सालीच बंदी आली म्हणे. टपरीला दोरीने बांधलेल्या लायटरला कुणी कळवलेलं दिसत नाही.)

म्हणजे तो घसा सडलेला फोटो रोज बघतो कोण? तर कधीच न ओढणारे काका.

पोराने नंबर मोबाइलमध्ये टाकला. कुठल्या नावाने सेव्ह करू, असं क्षणभर थबकला. मग 'टपरी काका' लिहिलं.

सिगरेट मात्र पूर्ण ओढली. आत्तापर्यंत लावला असेल का फोन?