बाळंतिणींच्या भिंतीवरची राक्षसीण

सांगलीत नदीच्या बाजूला असलेल्या एका प्रसूतिगृहाची भिंत रंगवायचं काम श्रावणात आलं. पेशंटचे नातेवाईक बसतात तो हॉल, समोर लांबलचक भिंत. भिंत कटकटीची होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा हा तळमजला पाण्यात होता, आणि विटांनी तेव्हा पिऊन ठेवलेलं पाणी अजून लोणा होऊन बाहेर येतं. कितीही खरवडा, पुट्टी मारा, पावसाळ्यात कंबरेपर्यंतचा भाग फुगतो आणि पोपडे सुटतात. म्हणून मी आधीच सांगितलं, खाली फरशा लावून घ्या, चित्र त्याच्या वरनं सुरू करू. देवीचे पाय उंचावर राहिले की पिचकाऱ्यांचाही प्रश्न मिटतो. (लोकांनी थुंकू नये म्हणून जिन्याच्या कोपऱ्यात देव काढून द्या, अशी कामं मला सारखी येतात. मी घेत नाही. देवाला वॉचमन करायचं आणि उभं कुठं करायचं, तर पिकदाणीत!)

तिथल्या डॉक्टर मॅडमना महिषासुरमर्दिनी हवी होती. बायकांना बघून बळ यावं, असं त्यांचं म्हणणं. मोबाइलवर चित्रही तयार होतं, दहा हातांचं.

मला ती मनापासून आवडते. सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात तिची जुळणीच सांगितली आहे. शंकराच्या तेजातून चेहरा, यमाच्या तेजातून केस, विष्णूच्या तेजातून हात. मग एकेक देव पुढं येऊन काहीतरी देतो. शंकर त्रिशूळ, विष्णू चक्र, वरुण शंख, वायू धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते, इंद्र वज्र आणि ऐरावताची घंटा, हिमालय सिंह. कुबेर तर मद्याचा पेला देतो; तो कॅलेंडरवाले सोयीनं विसरतात. हातांचा आकडाही सगळीकडे एक नाही. पोथीत हजार, वणीला अठरा, तुळजापूरला आठ. चितारणाऱ्याची परीक्षा असते ती खांद्यात. सगळे हात एकाच खांद्यातून फुटले तर देवी न दिसता टेबलफॅन दिसतो. म्हणून मागचे हात केसांच्या आणि पदराच्या आडून काढायचे, म्हणजे कुठून आले ते कुणी विचारत नाही.

शुक्रवारी सकाळी परांचीवर चढून खडूनं खाका टाकला. सिंह झाला, रेडा झाला. बाकावर तासगावकडच्या एक आजी बसल्या होत्या, त्यांची सून आत कळा घेत होती. त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं.

“पेंटर, ह्या रेड्याचं काय करनार?”

“मान उडवणार, आजी.”

“आन् रगत?”

“थोडं दाखवावं लागंल.”

“आत पोरीचं रगत चाललंय, आन् तू भाईर रेड्याचं सांडतोस व्हय? आज शुक्रवार हाय, जिवतीचा. तिला काढ की.”

बाकावरच्या बाकीच्या बायका हसल्या, पण माना त्यांनी आजींच्या बाजूनंच हलवल्या. मॅडम राउंडवरून आल्या तेव्हा हा विषय हॉलभर झाला होता. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “जिवतीचं चित्र येतं तुम्हाला?”

न येऊन कसं चालेल? श्रावणात घरोघरी तो कागद भिंतीवर लागतो. वर नरसिंह आणि कालियामर्दन, खाली हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती, आणि मध्ये लेकरांनी वेढलेल्या दोघीजणी, जरा आणि जिवंतिका. मी ओल्या फडक्यानं रेडा पुसला.

तेवढ्यात मॅडमचे मिस्टर आले. तेही डॉक्टर, हिशेब ते बघतात. “जरा म्हणजे ती राक्षसीण ना, जरासंधाची? प्रसूतिगृहात राक्षसीण कशाला?”

हे मला सांगता आलं, कारण पूर्वी वाईत एका शास्त्रीबुवांच्या वाड्यात रंगकाम करताना त्यांच्या तोंडून ही गोष्ट ऐकलेली होती. मगधाच्या बृहद्रथ राजाला ऋषींनी आंबा दिला. त्याच्या दोन राण्यांनी तो अर्धा अर्धा खाल्ला, आणि दोघींना अर्धं अर्धं मूल झालं. दायांनी ते तुकडे चव्हाट्यावर नेऊन टाकले. जरा तिथं आली ती मांसाच्या वासावर. उचलून न्यायला सोपं जावं म्हणून तिनं दोन्ही तुकडे एकत्र धरले, तर ते जुळले आणि मूल रडायला लागलं. तिनं ते खाल्लं नाही, राजाला नेऊन दिलं. तोच जरासंध. आणि महाभारताच्या सभापर्वात ती राजाला सांगते की, जो मला भिंतीवर, तरुण आणि लेकरांसकट, भक्तीनं काढील, त्याच्या घराची भरभराट होईल. एरवी ऱ्हास होईल. मला भिंतीवर काढा, असं स्वतः सांगणारी दुसरी देवी मला तरी माहीत नाही.

“भरभराट होते म्हणता?” सर म्हणाले, आणि आत गेले.

पुढं काम भराभर झालं. शस्त्रं नाहीत, दोनच हात, त्या हातांत मुलं. मूल कडेवर घेतलं की बाईची कंबर एका बाजूला जाते, ते समोरच्या बाकावर बघून घेता येत होतं. जरेला नाक आजींचं दिलं, हे कुणाला सांगितलं नाही.

दुपारी डोळे सोडून सगळं झालं होतं. हिरवी साडी ओलीच होती. मी चहाला गेलो आणि आलो तर दोघींच्या कपाळावर हळदीकुंकू. घड्याळाच्या खिळ्यावर दूर्वा-आघाड्याची माळ. कुंकू ओल्या रंगात उतरून भुवईपर्यंत ओघळलं होतं. आजी हॉलच्या मधोमध उभ्या राहून चारी दिशांना अक्षता टाकत होत्या. एक मुलगा मिलिटरीत, दुसरा ट्रक घेऊन गुजरातला. परगावच्या लेकरांना असंच ओवाळतात. एका दिशेला माझी भिंत होती. तांदूळ जिवंतिकेच्या पदरात रुतले.

मावशी फडकं घेऊन धावल्या, त्यांना मी थांबवलं. ओला ॲक्रेलिक पुसला की सगळा चेहरा जातो. आजी म्हणाल्या, “डोळं उघड की तिचं, पूजा झाली न्हवं.” मग मी ब्रश घेतला. डोळे काढताना मागं कुणी बोलत नव्हतं, सिस्टरसुद्धा थांबून बघत होत्या. संध्याकाळी आजींच्या सुनेची सुटका झाली, मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी निघतील तेवढे तांदूळ नखानं काढले. उरलेल्यांवर आणि ओघळलेल्या कुंकवावर तसाच क्लिअर कोट मारला. मॅडमना ते फारसं पटलं नाही. भिंत फिनाइलनं पुसावी लागते, आणि त्यांचंही बरोबरच होतं. मी म्हटलं, कोट सुकला की खुशाल पुसा.

नंतर त्यांचा फोन आला तो वेगळ्याच कारणानं. बायका फरशीच्या कडेवर चणे आणि गूळ ठेवून जातात, मुंग्या होतात, मावशी वैतागल्या आहेत. तेव्हा ‘येथे नैवेद्य ठेवू नये’ अशी पाटी मीच रंगवून दिली. तिचे पैसे वेगळे लावले. सरांनी घासाघीस करून थोडे कमी केले.