इंडियानातले एकवीस जण

१२ डिसेंबर २०२५, शुक्रवार

काल अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या सिनेटने, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाने, मतदारसंघांचा नवा नकाशा फेटाळला. बाजूने १९, विरोधात ३१. त्या सभागृहात पन्नास जणांपैकी चाळीस रिपब्लिकन आहेत. दहा डेमोक्रॅटांनी कितीही डोकी आपटली असती तरी काही होणार नव्हतं. नकाशा पाडला तो एकवीस रिपब्लिकनांनी, आणि तोही स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षाने मागितलेला. आमच्या इथल्या, कॅलिफोर्नियातल्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर कालपासून पेढे वाटायचे तेवढे बाकी आहेत. मलाही आनंद झाला, नाही असं नाही. पण आनंदापेक्षा हेवा जास्त वाटला, आणि तो का वाटला हे आज लिहून काढायचंय.

इंडियानाचे काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या प्रतिनिधीगृहात, नऊ खासदार. त्यात सात रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट. नव्या नकाशात नवाच्या नऊ जागा रिपब्लिकनांकडे जाव्यात अशी सोय होती. त्यासाठी इंडियानापोलिस शहराचे चार तुकडे करून प्रत्येक तुकडा आजूबाजूच्या ग्रामीण भागाला जोडला होता. शहरातली मतं चार ठिकाणी वाटली गेली की कुठेच पुरी पडत नाहीत. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यासाठी दोनदा इंडियानाला जाऊन आले. ट्रम्पनी विरोधकांना प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, पाडण्याची धमकी दिली. ग्रेग गुड नावाच्या सिनेटरचं नाव त्यांनी सोशल मीडियावर घेतलं आणि काही तासांत, कुणीतरी केलेल्या खोट्या फोनमुळे, गुडच्या दारात पोलीस येऊन उभे राहिले. मायकेल बोहॅसेक यांची मुलगी डाउन सिंड्रोमची आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास ट्रम्पनी मिनेसोटाच्या गव्हर्नरना मतिमंदांसाठीची शिवी हासडली, तेव्हा या बापाने जाहीर करून टाकलं की माझं मत नकाशाच्या विरोधात. यातल्या बहुतेकांशी माझं गर्भपातापासून बंदुकांपर्यंत एकाही मुद्द्यावर पटणार नाही. पण ‘हे आपल्या फायद्याचं आहे, तरी नको’ असं ते म्हणाले.

मी ते म्हणाले नाही.

नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात प्रपोझिशन ५० वर, म्हणजे राज्याची घटना बदलायच्या प्रस्तावावर, मतदान झालं. राज्यभरासाठी एकच प्रश्न होता, आणि त्याच्या शीर्षकातच टेक्सासचं नाव. एका राज्याची घटना बदलायची आणि कारण म्हणून दुसऱ्या राज्याकडे बोट दाखवायचं! मतपत्रिका घरी आली, चार दिवस फ्रिजवर चिकटवलेली राहिली, शेवटी ‘हो’समोरचा गोल काळा केला, पाकिटावर सही केली आणि लायब्ररीबाहेरच्या पेटीत टाकून आले. चौसष्ट टक्क्यांच्या आसपास लोकांनी तेच केलं.

आता हे ‘हो’ कशाला होतं? इथे २००८ आणि २०१० च्या जनमतांतून नागरिकांचा स्वतंत्र आयोग आला. चौदा सदस्य, पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन, चार कुठल्याच मोठ्या पक्षाचे नसलेले. आमदारांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. मी तेव्हा या देशाची नागरिक नव्हते, पण ऑफिसातल्या अमेरिकनांना याचा केवढा अभिमान होता ते आठवतंय. आता २०३० च्या निवडणुकीपर्यंत काँग्रेसच्या जागांसाठी तो आयोग बाजूला, आणि डेमोक्रॅटांना पाच जागा जास्त मिळाव्यात म्हणून काढलेला नकाशा लागू. त्यात मोडॉक परगणा आहे. ओरेगन आणि नेवाडाच्या कोपऱ्यातला, गुरं पाळणाऱ्यांचा, नऊ हजारांच्याही आत वस्तीचा. तो आता मरीन परगण्याबरोबर एकाच मतदारसंघात. मरीन म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट ओलांडला की लागणारा गर्भश्रीमंत भाग. मोडॉकच्या माणसाला आपल्या खासदाराचं गाव गाठायला दिवसाचा बराचसा भाग गाडीत काढावा लागेल. इंडियानापोलिसच्या मतदाराचं जे होणार होतं, तेच मी मोडॉकच्या मतदाराचं केलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

तरी परत तीच मतपत्रिका समोर आली तर मी तोच गोल काळा करीन. टेक्सासने ऑगस्टमध्ये जनगणनेची वाट न बघता पाच जागांसाठी नकाशा बदलला. खालच्या न्यायालयाने तो अडवला, निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश ट्रम्पनीच नेमलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने गेल्याच आठवड्यात ती अडवणूक उठवली. २०१९ मध्येच पाच विरुद्ध चार मतांनी त्यांनी सांगून ठेवलंय की पक्षीय फायद्यासाठी मतदारसंघ कातरणं वाईट खरं, पण फेडरल न्यायालयं त्यात पडणार नाहीत. पंचच मैदान सोडून गेल्यावर एकट्यानेच नियम पाळत बसायचं का? २०२१ मध्ये डेमोक्रॅटांनी सगळ्या राज्यांत स्वतंत्र आयोग आणणारं विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर केलं होतं. देशाच्या सिनेटमध्ये ते अडलं. ते झालं असतं तर यातलं काहीच उरलं नसतं.

म्हणून ‘हो’ म्हटलं. पण त्याला लोकशाहीचं रक्षण वगैरे म्हणू नका, एवढंच माझं ग्रुपवर मागणं होतं. टेक्सासचे डेमोक्रॅट आमदार त्या नकाशावरचं मतदान रोखायला, सभागृहाचा कोरम मोडायला पळाले ते इलिनॉयला. तिथे सतरापैकी चौदा जागा डेमोक्रॅटांच्या आहेत आणि नकाशा बघितला तर हसावं की रडावं कळत नाही. हे लिहिल्यावर एकाने मला ‘दोन्हीकडून बोलणारी’ ठरवलं. ठरवो.

संध्याकाळी पुण्याला दादाचा फोन झाला. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे तुमच्याकडे आमदारच उघड उघड रेषा मारतात? आमच्याकडे निदान लपूनछपून तरी चालतं.” प्रभागरचनेवर तो तासभर बोलू शकतो. आघाडी सरकारने तीनचा प्रभाग केला, पुढच्या सरकारने परत चारचा. मार्च २०२२ पासून तेव्हापर्यंत महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक बसला होता. “तुला निदान मत देऊन पाप करता आलं,” म्हणाला. लोकसभेच्या सीमा आपल्याकडे परिसीमन आयोग ठरवतो, पक्ष नाही, हे मी त्याला ऐकवलं. त्यावर त्याने जम्मू आणि आसामची नावं घेतली, आणि मग चहा ठेवायचाय म्हणून फोन ठेवला.

रात्री बघितलं, त्या एकवीस जणांपैकी काहींची प्रायमरी मे २०२६ मध्येच आहे. ट्रम्प त्यांच्यासमोर उमेदवार उभे करणार हे नक्की. एकाच्या प्रचाराच्या पानावर पंचवीस डॉलरपर्यंत पोचले, मग त्याची बाकीची मतं वाचली आणि ते पान बंद केलं. नवरा म्हणतो पाठव, आपण अख्खं कॅलिफोर्निया घेतलंय, त्याला पंचवीस डॉलर द्यायला काय हरकत आहे. अजून ठरत नाहीये.