अल्मेरे: समुद्राच्या तळावर वसलेलं चाकरमान्यांचं शहर

अ‍ॅमस्टरडॅममध्ये नोकरी करणारी आपली बरीच मंडळी शहराला लागून असलेल्या अ‍ॅम्स्टेलवेनला राहतात. आम्ही पाण्यापलीकडच्या अल्मेरेत राहतो. ऑफिसमधल्या डच सहकाऱ्यांना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘तिथे आहे काय?’ माझं माहेर डोंबिवलीचं. दादर-पार्ल्याच्या नातेवाइकांकडून हाच प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि त्याचं नीट उत्तर द्यावं असं मला तेव्हापासूनच वाटतं.

अल्मेरेत जुना चर्चचा मनोरा नाही, कालव्याकाठची तिनशे वर्षांची घरं नाहीत. आज माझं स्वयंपाकघर जिथे आहे तिथे १९६८पर्यंत पाणी होतं. १९३२ मध्ये डचांनी मोठा बांध घालून झाउडरझे हा समुद्राचा फाटा बंद केला, आत तयार झालेल्या तळ्याचे तुकडे एकेक करून बांधांनी वेढले आणि पंपांनी उपसून काढले. आमचा तुकडा, म्हणजे दक्षिण फ्लेवोलँड, त्यातला शेवटचा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये घरांची टंचाई होती, तिथल्या माणसांची सोय करायला या कोऱ्या जमिनीवर शहर आखलं गेलं. मुंबईचा भार हलका करायला १९७० मध्ये सिडको स्थापन झालं, खाडीपलीकडे नवी मुंबई आकाराला येऊ लागली, साधारण त्याच काळातली ही गोष्ट. नोव्हेंबर १९७६ मध्ये अल्मेरे हाफन या भागात पहिल्या कुटुंबांना घराच्या किल्ल्या मिळाल्या. आज लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आहे.

समुद्र गेला, पण त्याच्या खुणा गेलेल्या नाहीत. घरामागच्या बागेत मेथी पेरायला वीतभर खणलं तरी पांढरे शिंपले वर येतात. इथली माती काळी, चिकट आणि विलक्षण कसदार आहे, मेथी तर अशी येते की शेजाऱ्यापाजाऱ्यांना जुड्या वाटाव्या लागतात. फ्लेवोलँडच्या जमिनीत आजवर चारशेहून जास्त बुडालेल्या जहाजांचे अवशेष सापडले आहेत. आपण समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली राहतो हे एरवी लक्षातही येत नाही. बागेत हात मातीने भरले की मात्र येतं.

शेजारी एक आजी राहतात. त्या ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅमस्टरडॅममधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ओल आलेल्या दोन खोल्या सोडून, लहान मुलांना घेऊन इथे आल्या. त्यांच्या शाळेतल्या नकाशात या जागी निळा रंग होता. त्या आल्या तेव्हा माणसाच्या उंचीपेक्षा मोठं झाड दिसायचं नाही, वारा सुटला की दाराच्या फटींतून वाळू आत यायची. रेल्वेही नव्हती, ती आली १९८७ मध्ये. तोवर सगळी भिस्त बसवर. पहिली पाच वर्षं रोज एकदा तरी रडू यायचं, असं त्या सांगतात, आणि मग मला विचारतात, ‘तुला अजून येतं का?’

हे मला फार मोलाचं वाटतं. युरोपातल्या जुन्या शहरात राहणारा परदेशी माणूस कितीही वर्षं राहिला तरी पाहुणा असतो. इथे पन्नाशीच्या पुढचा जवळजवळ प्रत्येक माणूस कुठून तरी सामान बांधून आलेला आहे. ‘तू मूळची कुठली?’ हा प्रश्न मी आजींनाही विचारू शकते, आणि त्या मनापासून उत्तर देतात. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीला २५ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य मिळालं आणि त्या सुमारास तिथून हजारो कुटुंबं नेदरलँड्सला आली. त्यांतली कितीतरी पुढे या नव्या शहरात स्थिरावली. त्यांच्यातल्या हिंदुस्तानी घराण्यांचे पूर्वज १८७३ पासून कलकत्त्याच्या बंदरातून मजूर म्हणून नेलेले, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. त्यांच्या दुकानात रोटीसोबत बटाट्याचा रस्सा, चवळीच्या लांब शेंगांची भाजी आणि उकडलेलं अंडं मिळतं. दीडशे वर्षं आणि तीन खंड पार करून आलेली ती भाजी माझी लेक बोटं चाटत खाते.

आता रोजच्या अप-डाउनबद्दल. अल्मेरे सेंट्रमहून अ‍ॅमस्टरडॅम सेंट्राल पंचवीस-तीस मिनिटं. पोर्ट स्टेशन मागे पडलं की गाडी पुलावर चढते आणि दोन्ही बाजूंना पाणी पसरतं. थंडीत सकाळी त्यावर धुकं असतं, बदकांच्या रांगा असतात. त्या मिनिटभरात मी फोन बाजूला ठेवते. पुढे वेस्प स्टेशन, आणि मग शहर.

पंधरा वर्षं डोंबिवलीहून सीएसएमटी केलेल्या बाईला इथली गर्दी काहीच वाटत नाही. जड जाते ती शांतता. काही डब्यांत काचेवरच लिहिलेलं असतं की इथे बोलू नये, आणि इतर डब्यांतही फारसं कुणी बोलत नाही. रोज त्याच दारापाशी, त्याच बाकावर दिसणारी माणसं वर्षानुवर्षं मान हलवण्यापलीकडे जात नाहीत. लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या, नव्या सुनेला सल्ले देणाऱ्या, गाडीतच डोहाळजेवण करणाऱ्या बायका मला इथे फार आठवतात.

तिकिटाचं गणित प्रवासाच्या वेळेनुसार बदलतं. सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या गर्दीच्या वेळा. त्या टाळल्या तर सवलतीच्या पासवर ४० टक्के कमी पैसे पडतात. म्हणून नऊला दोन मिनिटं कमी असताना कार्ड हातात धरून गेटपाशी थांबलेली माणसं रोज दिसतात. करोनानंतर मंगळवार आणि गुरुवार सर्वांत गजबजलेले झालेत, शुक्रवारी अर्धे डबे रिकामे.

खरी कसोटी हिवाळ्याची. डिसेंबरात पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि साडेचारला मावळतं, म्हणजे कामाच्या दिवशी स्वतःचं घर उजेडात दिसतच नाही. त्यात इथे सायकलचे रस्ते मोटारींपासून पूर्ण वेगळे, झाडीतून, तळ्याकाठून जाणारे. बसलाही स्वतंत्र रस्ता. दिवसा मुलांना एकटं शाळेत पाठवता येतं ते यामुळेच, आणि या आखणीचं मी मनापासून कौतुक करते. पण रात्री तेच रस्ते निर्मनुष्य होतात. मी आणि ओळखीतल्या बऱ्याच जणी अंधार पडल्यावर लांबचा, घरांसमोरून जाणारा रस्ता धरतो. आखणाऱ्यांनी संध्याकाळी एकट्या परतणाऱ्या बाईचा विचार आणखी करायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पाणी जितकं सुंदर, तितकंच अडवणारं. अ‍ॅमस्टरडॅमकडे जाणारी रेल्वे एकाच पुलावरून जाते. मागच्या हिवाळ्यात एका गुरुवारी सिग्नल बिघडला आणि आम्ही सगळे वेस्पच्या फलाटावर अडकलो. शाळेनंतरचं पाळणाघर साडेसहाला बंद होतं. फलाटावर जो तो फोन कानाला लावून एकच विचारत होता, ‘आमच्या मुलाला आणशील का?’ त्या दिवशी ती गप्प माणसं बोलू लागली. कुणाची मोटार येणार होती, त्यात किती जागा आहेत, कुणाचं घर कुठल्या भागात, सगळं पाच मिनिटांत ठरलं. पाळणाघरात नावनोंदणी असलेल्या माणसाच्याच ताब्यात मूल देतात. शेजारच्या आजींचं नाव आम्ही पहिल्याच वर्षी लिहून दिलं होतं, तेही त्यांनी स्वतःहून सुचवल्यामुळे. मी पोचले तेव्हा लेक त्यांच्याकडे वाटाण्याचं सूप पिऊन सोफ्यावर झोपली होती. ती त्यांना ओमाच म्हणते, इथली मुलं आजीला म्हणतात तसं.

अशा शहराला लोक निव्वळ झोपायला जायची जागा समजतात, कारण ते स्वतः दिवसा तिथे नसतात. घरून काम करायला लागल्यावर मला आमचं शहर दिवसाचं दिसलं. बुधवारी दुपारी लवकर सुटलेली मुलं, आठवड्यातला एक दिवस फक्त मुलांसाठी ठेवणारे बाप, वॉकर ढकलत बाजाराला जाणाऱ्या आज्या. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. सहाला घरी पोचून, वरणभाताचा कुकर लावून आम्ही वेअरवाटर तळ्यावर पोहायला जातो. शहर उभारायला वाळू हवी म्हणून खणलेला तो खड्डा, आज त्याच्या काठावर अख्खं गाव लोटतं.

नोकऱ्या मात्र गावात पुरेशा नाहीत, आणि थेट पाण्यापलीकडे नेणाऱ्या दुसऱ्या मार्गाची मागणी वर्षानुवर्षं चर्चेतच आहे. तो व्हायलाच हवा.

इकडे यायचं ठरवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की घर बघायला शनिवारी दुपारी येऊ नका, सगळंच छान दिसतं. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला गाडीतून उतरा आणि स्टेशनपासून त्या घरापर्यंत चालत जा. हाफन सगळ्यांत जुना आणि देखणा भाग, पण तिथे रेल्वे स्टेशन नाही, बस धरावी लागते, हे आधी लक्षात घ्या. आणि दार उघडणाऱ्या घरमालकाला भिंतीपलीकडे कोण राहतं ते जरूर विचारा.