ओढ्याच्या तळातून मुरणारं पाणी: माझा अनुभव

बुजलेला ओढा आम्ही वळणावळणाने पुन्हा खोदला, पाणी सोडलं, पण ते खालच्या टोकाला पोचेचना. नव्या पात्राचं हे नेहमीचं दुखणं. जुन्या ओढ्यात वाळू-गोट्यांच्या फटींत वर्षानुवर्षं बारीक गाळ बसलेला असतो. ताज्या खोदलेल्या तळाला ते अस्तर नसतं.

सगळ्या लांबीवर प्लास्टिक अंथरावं किंवा सिमेंट ओतावं, असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. मी ठाम नकार दिला. भूजलाची पातळी जिथे तळापेक्षा वर असते, तिथे ओढ्याला खालून पाणी मिळतं. तिथे अस्तर घातलं तर झराच बंद होतो.

म्हणून आधी गळती शोधली. पात्रात अंतराअंतरावर पत्रे आडवे रोवले, प्रत्येकाला 90 अंशांची त्रिकोणी खाच. खाचेच्या टोकापासून पाणी 10 सेंमी उंच असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण 4.4 लिटर. ही उंची मात्र खाचेच्या थोडी वरच्या बाजूला मोजायची, कारण खाचेत शिरताना पाणी खाली झुकतं. वरच्या आणि खालच्या खाचेतला फरक पाहत गेलो, तर बहुतेक पाणी एकाच गोटाळ पट्ट्यात गडप होत होतं. खरं काम तेवढंच!

तिथला तळ खोल केला आणि चिकणमाती आणली. ओल्या मातीची 3 मिमी जाड वळी न तुटता वळता आली, तीच माती घेतली. सुमारे 15 सेंमीचे थर देऊन प्रत्येक थर धुम्मसाने ठोकला. सगळं गणित ओलाव्याचं: कोरड्या ढेकळांत फटी राहतात, चिखल दबत नाही. माती काठांवर पाण्याच्या पातळीच्या वरपर्यंत चढवली, नाहीतर पाणी बाजूने निसटतं. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आडवा चर खणून तोही मातीने भरला. माती कमी पडली तिथे जागच्या मातीत सोडियम बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) कालवून दाबलं. ते भिजलं की फुगतं आणि फटी बुजवतं. पाणी खारट असेल तर मात्र ते पुरेसं फुगत नाही.

वर वाळू-गोट्यांचा जाड थर दिला. त्याने माती खरवडली जात नाही, उघडी पडून तडकत नाही, आणि तळातल्या किड्यांना घर मिळतं.

थोडं पाणी अजून मुरतं. ते मी मुरू देतो, काठच्या झाडांना ते लागतं. पूर ओसरला की गोटे कुठे वाहून गेलेत ते बघून लगेच भर घालतो.