तुझ्या इच्छेप्रमाणे होवो

आपल्या शाळेने मला गणित, भूगोल आणि नेटके मराठी दिले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहेच. परंतु या महोत्सवी स्मरणिकेत मला लिहायचे आहे ते बायबलच्या तासाला आमच्या बाईंनी मनात रुजवलेल्या एका गोष्टीविषयी. आयुष्य देवाच्या स्वाधीन करायचे म्हणजे रोजच्या जगण्यात नेमके काय करायचे, ती ही गोष्ट.

वर्गात बहुतेक मुले गिरणी कामगारांची आणि विणकरांची होती. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कन्नड बोलली जाई, आणि जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की निम्मे बाक रिकामे दिसत. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना मात्र सर्वांनाच पाठ होती, आणि पाठ असल्यामुळेच आम्ही ती भरभर म्हणून टाकत असू. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या शब्दांपाशी बाई हात वर करून आम्हांला थांबवत. एकदा त्यांनी गेथशेमाने बागेतला, येशूला अटक होण्यापूर्वीचा प्रसंग सांगितला. हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर, असे येशूने पित्याला उघडपणे म्हटले आणि त्यानंतरच पित्याच्या इच्छेला मान तुकवली. ‘‘आपल्याला काय हवे ते देवापासून लपवायचे नाही. सांगायचे, आणि मग सोडायचे,’’ असे बाई म्हणाल्या. समर्पणाविषयी पुढे मी पुष्कळ प्रवचने ऐकली, पण याहून स्वच्छ मांडणी माझ्या ऐकण्यात आली नाही.

त्याचा अर्थ घरात पाहायला मिळाला तो वडील मागावर काम करीत ती गिरणी बंद पडली तेव्हा. त्या रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत वडिलांनी आधी नोकरी परत मिळावी असे मागितले, थोडे थांबून ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत काम विचारत फिरू लागले. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, ‘‘देवावर सोडलंय ना, मग एवढी धावपळ कशाला?’’ वडिलांनी उत्तर दिले, ‘‘काळजी सोडली आहे, काम नाही.’’ पुढे चादरीच्या एका कारखान्यात काम मिळाले. मजुरी पहिल्यापेक्षा कमी होती, तरी दर महिन्याला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, द्यायचे दानाचे पाकीट वडील पगाराच्या दिवशीच वेगळे काढून ठेवत.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयीही बाई तळमळीने बोलत. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, हे ऐकून आमच्यापैकी एकीने विचारले, मग आम्हीही नोकऱ्या करायच्या नाहीत का? बाई म्हणाल्या, टिळकांना पगार सोडायला सांगितले गेले. तुमच्यापैकी बहुतेकींना तो घेऊन, त्यातल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देवापुढे मांडत जगायचे आहे, आणि ते सोपे समजू नका. मला हे आजही फार मोलाचे वाटते. उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या सभेत, पुढे जाऊन आयुष्य प्रभूला वाहणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु लूकच्या शुभवर्तमानात (९:२३) येशू आपला वधस्तंभ दररोज उचलायला सांगतो, आणि तो उचलायचा असतो नळाला पाणी न आलेल्या सकाळी, घरातल्या आजारी माणसाच्या चिडचिडीत, कारण नसताना बोलणी खाल्ल्यावर.

मी परिचारिका झाले. रात्रपाळी संपली की आम्ही ‘ओव्हर’ देतो, म्हणजे एकेका खाटेपाशी उभे राहून, कोणाचे सलाईन किती उरले, कोणाला पहाटे ताप आला, कोणते इंजेक्शन द्यायचे राहिले, हे सकाळच्या सिस्टरला सांगतो. काही लपवायचे नाही, आणि ओव्हर दिल्यावर घरी जाऊन झोपायचे, कारण आता रुग्ण दुसऱ्या जबाबदार हातांत असतो. झोपण्यापूर्वीची माझी प्रार्थना हळूहळू अशीच होत गेली: झालेले, राहिलेले, माझ्याने न झेपलेले, सारे नावानिशी देवाला सांगायचे आणि तिथेच ठेवायचे. संध्याकाळी पुन्हा कामावर जायचे असतेच.

आईची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा मात्र हे सर्वांत अवघड गेले. रिपोर्टातला क्रिएटिनिनचा आकडा मला वाचता येत होता, आणि त्यामुळे आशेला फारशी जागा उरत नव्हती. डायलिसिस चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून मी देवाला स्पष्ट सांगितले की मला आई हवी आहे, आणखी काही वर्षे हवी आहे. कितीतरी दिवस मी तेवढेच म्हणत राहिले. पुढचे वाक्य उच्चारवत नव्हते. एका दुपारी आईनेच माझा हात धरून प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि त्या शब्दांपाशी ती माझ्याकडे पाहत थांबली. मग आम्ही दोघींनी ते एकत्र म्हटले.

आई त्याच वर्षी नाताळाच्या आधी गेली. मी मागितलेले मला मिळाले नाही, आणि त्याचे दुःख आजही आहे. पण ज्या पित्याच्या हाती आम्ही तिला सोपवले त्याच्यावर माझा त्या दुपारी जेवढा भरवसा होता, त्याहून आज अधिक आहे, हे मी पूर्ण विश्वासाने लिहिते.